काचेतल्या मातीला बासी

माझ्या सासूबाईंना कोणाचं उपाशी असणं बघवत नसे. विजेचं मीटर बघायला आलेला माणूस असो, नाहीतर भलत्याच घराचा पत्ता विचारायला फाटकाशी थांबलेला, त्या आधी 'जेवले का?' विचारत आणि मग कामाचं बोलत. लग्नानंतर माझे वडील पहिल्यांदा रायपूरला आले तेव्हा त्यांना इतक्या आग्रहाने वाढलं की परतीच्या गाडीत बसल्याबसल्या त्यांचा डोळा लागला आणि बडनेऱ्याला उतरायचं सोडून ते थेट अकोल्याला जागे झाले. तिथून त्यांनी फोन केला. मला वाटलं, आता सासरच्यांचा उद्धार होणार. पण म्हणाले, "पोरी, घर चांगलं मिळालं तुले."

मी मात्र तापट. राग माझ्या नाकावरच बसलेला असतो असं माझी आई म्हणायची. सासरी गेल्यावर तो उतरेल अशी तिची आशा होती. ती फोल ठरली. त्यामुळे सासूबाईंचं नि माझं जमलं कसं याचं लोकांना नवल वाटे. जमलं ते मातीपायी, आणि त्याआधी मातीपायीच मोडता मोडता राहिलं.

तेव्हा राज्य नवं नवं झालं होतं आणि रायपूर एकदम राजधानी. शंकर नगरातल्या आमच्या गल्लीत कालपर्यंत ज्या घरांतून फोडणीचे वास यायचे त्यांच्यावर एकेका संचालनालयाची पाटी लागत होती. घरमालक वरच्या मजल्यावर सरकले, खाली साहेब आले, आणि साहेबांच्या गाड्या उभ्या राहाव्यात म्हणून अंगणं सिमेंटची झाली. माझा नवरा मंत्रालयात नोकरीला. त्यालाही आपलं अंगण पक्कं करावं असं फार वाटे. तो याच शहरात वाढलेला. मराठी सगळी कळते, उत्तर मात्र हिंदीत. "माँ, टाइल्स लगवा लेते हैं न, कीचड़ की झंझट ख़तम," असं तो अधूनमधून म्हणून बघे. या घराण्याचे लोक भोसल्यांच्या वेळी इथे आले, आणि सासूबाई ते असं सांगत की जणू बैलगाडीतलं सामान अजून उतरायचंच आहे. "इथली माती पाहून राह्यले ते," त्या म्हणत, "अन् तू तिले झाकून टाकतं काय?" अंगण राहिलं.

मी कृषी विद्यापीठात मृदाशास्त्रात पीएच.डी. करत होते. विषय असा की ऊन वाढलं तर मातीतले सूक्ष्मजीव काय करतील. आपल्या पायाखालच्या मातीत कर्ब साठलेला असतो, मेलेली मुळं, पालापाचोळा, शेण या सगळ्यांतून वर्षानुवर्षं जमलेला. हवेत जितका आहे त्याहून कितीतरी अधिक. मातीतले जिवाणू आणि बुरशा तो खातात आणि आपण सोडतो तसाच श्वास सोडतात. उष्णता वाढली की त्यांची भूक वाढते, ते भराभर खातात, श्वास वाढतो, तो हवेत जातो आणि हवा आणखी तापते. जगभरच्या मातीवाल्यांना हीच धास्ती आहे. पण हे असं चालूच राहतं का? की हाताशी असलेलं खाऊन झालं की त्यांना थांबावं लागतं? आपल्याकडच्या काळ्या कन्हार मातीत तर बराच कर्ब चिकणमातीला असा घट्ट धरून बसलेला असतो की तो सहजासहजी कोणाच्या तोंडी लागत नाही. तो उन्हाने सुटेल का? मला एवढंच शोधायचं होतं, आणि एवढं शोधायलाही माझ्याकडे फारसा वेळ उरला नव्हता. नोंदणीची मुदत एकदा वाढवून झाली होती. या उन्हाळ्याचे आकडे हाती आले तर डिग्री, नाहीतर सगळं पाण्यात.

विद्यापीठाच्या शेतात मी प्रयोग मांडला होता, पण तिथे मोकाट गुरं शिरत आणि काचांचा चुरा करत. शेवटी माझे गाईड म्हणाले, घरी अंगण आहे ना, तिथे मांड. गाईड म्हणजे धमतरीकडचे एक शांत गृहस्थ. ते रागावले की आवाज आणखी खाली आणत, त्यामुळे त्यांचा राग ऐकायला जवळ जावं लागे. मी अभनपूरजवळच्या एका ओळखीच्या शेतातून कन्हार माती जशीच्या तशी उचलून आणली, विहिरीला लावतात तशा पण बुटक्या सिमेंटच्या रिंगांमध्ये. सहा रिंगा. तिघींच्या भोवती काचा उभ्या केल्या, वरून उघड्या, म्हणजे आतली माती बाहेरच्यापेक्षा थोडी जास्त तापेल. उरलेल्या तिघी तशाच मोकळ्या. काचा शेजारच्या बंगल्याच्या. तिथे एक खातं आलं, एसी बसले, जुन्या खिडक्या काढून भिंतीशी टेकवून ठेवल्या होत्या. मी मागितल्यावर चौकीदार म्हणाला, ले जाओ दीदी, अब यहाँ खिड़की कौन खोलेगा.

माप घ्यायची पद्धत जुनी आणि स्वस्त होती. संध्याकाळी प्रत्येक रिंगेत मातीवर कॉस्टिक सोड्याच्या पाण्याची वाटी ठेवायची, तिच्यावर गंज, म्हणजे खोलगट पातेलं, पालथा घालायचा आणि त्याची कड मातीत दाबायची. माती जो श्वास सोडेल तो त्या पाण्यात मुरे. सकाळी वाट्या झाकून प्रयोगशाळेत न्यायच्या. पाण्यात थेंबभर औषध टाकलं की ते गुलाबी होई, मग एकेक थेंब आम्ल सोडून तो गुलाबी रंग घालवायचा. रंग जितक्या थोड्या आम्लात गेला तितका मातीचा श्वास मोठा.

गंज घ्यायला मी आणि सासूबाई गोल बाजारात गेलो. भांडी घ्यायची म्हणजे त्या बरोबर हव्यातच. प्रत्येक गंज त्यांनी बोटाने वाजवून पाहिला, कानाशी धरला, दोन परत केले. दुकानदाराने नेहमीप्रमाणे विचारलं, "कितने लोगों का खाना बनता है, माताजी?"

"पकाना नहीं है भैया," सासूबाई म्हणाल्या, "उलटा रखना है. मिट्टी पर."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत दया होती. घरात काहीतरी बाहेरची बाधा असावी असं त्याला वाटलं असणार, कारण त्याने भाव लगेच कमी केला.

एका संध्याकाळी जेवताना नवऱ्याने विचारलं, "ये तुम दिनभर करती क्या हो, समझाओ तो." मला बोलायला निमित्तच हवं होतं. मी ताट बाजूला सारून त्याला सगळं समजावलं, जिवाणूंची भूक, साठवलेला कर्ब, उष्णता. सासूबाई हातात पळी घेऊन उभ्या राहून ऐकत होत्या.

"गर्मीत भूक वाढते त्यायची?" त्यांनी विचारलं. "आपली तं मरते."

"त्यांची वाढते, आई. काचेतल्यांची तर जास्तच."

"अन् तू खायले काय देतं?"

"काही नाही. मातीत आधीचं साठवलेलं आहे, ते खातात."

"अन् तू मोजतं?"

"हव. किती खाल्लं ते मोजतेय."

त्यांनी पळी पातेल्यात ठेवली. "खाणाऱ्याचे घास मोजू नये, बाई," एवढंच म्हणाल्या. मी हसले. नवऱ्याला भाषण आवडलं असं मला वाटलं, कारण त्याने मान हलवली होती. नंतर कळलं की तो आमटी आणखी वाढा म्हणून खुणावत होता.

त्या दिवसापासून सासूबाई माझ्या जिवाणूंना 'पोट्टे', म्हणजे पोरं, म्हणू लागल्या. मी विद्यापीठातून आले की विचारत, "काय म्हणतात तुह्ये पोट्टे?" आमच्या लग्नाला तेव्हा काही वर्षं झाली होती, आणि गल्लीतल्या बायका आल्या की चहा पिता पिता माझ्या पोटाकडे बघून 'काही नवीन खबर?' विचारत. मला ते ऐकून तिडीक येई. मी तोंड उघडायच्या आतच सासूबाई सांगत, "हायेत न सहा. अंगणात." बायकांना काही कळत नसे. मला मात्र त्या वाक्यासाठी त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटे. ठेवलं नाही, तेवढी सोशिक सून मी कधीच नव्हते.

ऊन वाढत गेलं. आणि माझे आकडे असे यायला लागले की मी प्रत्येक वाटी दोनदा तपासू लागले. काचेतल्या तिन्ही रिंगांचा श्वास वाढत होता, थांबायचं नावच घेत नव्हता. मोकळ्या तिघी मात्र जागच्या जागी. काचेतली माती मोकळ्या मातीपेक्षा थोडीशीच तापलेली आणि भूक एवढी? गाईड आकडे बघून आवाज खाली आणत, पण या वेळी रागाने नाही. "देखो," ते पुटपुटत, "लिखना शुरू करो." मी लिहायला बसले. कन्हारातला घट्ट धरलेला कर्बसुद्धा उन्हाने सुटतो आहे, असा माझा निष्कर्ष होता. भीतीदायक निष्कर्ष, पण माझ्या आनंदाला सीमा नव्हती. संशोधकाचं असंच असतं, जग बुडत असलं तरी आलेख सरळ आला की तो खूश.

घरी आल्यावर मी सासूबाईंना सांगितलं, "आई, पोट्टे जोरात आहेत."

"म्हणजे चांगलं झालं न तुह्यासाठी?"

"फार चांगलं."

त्यांचा चेहरा असा फुलला की मला भरून आलं. माझ्या कामात इतका जीव घालणारी सासू किती जणींना मिळते, असं वाटलं. त्यानंतरच्या आठवड्यात आकडे आणखी वर गेले.

लेख पाठवायच्या आधी गाईडना रिंगा डोळ्यांनी बघायच्या होत्या. ते सकाळी घरी आले. सासूबाईंनी फरा केला होता, तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या वळकट्या, वर तिळाची फोडणी. छत्तीसगढी माणसाला फरा दिला की तो अर्धा आपला होतो, हे त्यांना पक्कं ठाऊक. गाईड बशी हातात घेऊनच अंगणात आले आणि काचेतल्या एका रिंगेशी उकिडवे बसले. बराच वेळ त्यांनी मातीकडे पाहिलं. मग बोटाने वरचा थर खरवडला.

"ये सफ़ेद-सफ़ेद क्या है?"

मी म्हणाले, बुरशी असेल सर, किंवा क्षार वर आले असतील.

"वो बासी का होगा," ओसरीवरून सासूबाई म्हणाल्या.

बासी म्हणजे रात्रीचा भात पाण्यात भिजत घालून सकाळी खायचा. उन्हाळ्यात इथे घरोघरी खातात, वर कांदा, कच्चा आंबा, मीठ. सासूबाईंचा तर तो जीव की प्राण. रोज सकाळी पायरीवर बसून त्या ती खात.

"किसका?" गाईडनी विचारलं.

"बासी का पानी, सर. थोडा भात मसलकर. रोज देती हूँ न." मग त्यांनी अभिमानाने माझ्याकडे पाहिलं. "काचवाल्या तिघायलेच देते. त्यायले भूक जास्त लागते म्हणे न तू?"

मी सकाळी वाट्या काढून स्कूटीवर निघाले की त्या आपली बासी घेऊन पायरीवर बसत, आणि आपण खायच्या आधी काचेतल्या तिन्ही रिंगांना वाढत. मी परत येऊन वाट्या ठेवेपर्यंत वर टिपूसही दिसत नसे. माझ्या जिवाणूंना उन्हाची भूक लागली नव्हती, त्यांना रोज आयतं ताट मिळत होतं.

"कब से, मम्मीजी?" गाईडचा आवाज इतका खाली गेला होता की सासूबाईंना दोन पायऱ्या उतरून यावं लागलं.

"जब से बहू ने बताया, तब से."

"और उधर के तीन को नहीं दिया?"

"वो तो खुल्ले में हैं, हवा लगती है. उनको क्या हुआ है?"

गाईडनी बशीतला उरलेला फरा हळूहळू खाऊन संपवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ये तो फीडिंग ट्रायल हो गया. पेपर रोक दो."

ते गेल्यावर मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. माझ्या कामाची माती झाली, माझी वर्षं गेली, तुम्हाला कोणी सांगितलं होतं मधे लुडबुडायला, असं बरंच. शेजारच्या संचालनालयातले दोन कारकून गॅलरीत येऊन उभे राहिले. सासूबाई रडल्या नाहीत. माझं संपल्यावर म्हणाल्या, "मले सांगतं, त्यायले भूक लागते. अन् वर म्हणतं, खायले काही देत नाही. मग काय उपाशी मारायचं होतं?"

"हो," मी ओरडले. "तेच पाहायचं होतं."

त्यांनी पदराने हात पुसले आणि आत गेल्या.

मग आमचा अबोला. घरात तिघंच, त्यामुळे सगळी जबाबदारी नवऱ्यावर आली. मी मराठीत म्हणे, आईंना सांग दूध उतू जातंय. तो हिंदीत म्हणे, "माँ, दूध." त्या मराठीत म्हणत, तिले सांग, पाहून राह्यली मी. तो हिंदीत म्हणे, "देख रही हैं." एका भाषेत बोलणाऱ्या दोन बायकांमध्ये दुभाषी व्हायची वेळ आलेला तो रायपुरातला एकटाच असावा. शेवटी त्याचा धीर सुटला. "तुम दोनों सीधे बात करो न, मेरी तो सब्ज़ी ठंडी हो रही है," असं म्हणून तो ताट घेऊन टीव्हीपुढे जाऊन बसला.

गाईडनी वर जाऊन रदबदली केली आणि मला आणखी एक उन्हाळा मिळाला. हा शेवटचा, हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं की मी समजले. जुने आकडे कशाच्या कामाचे नव्हते. ताजं खाणं मिळालं की जिवाणू जुना साठाही जास्त ओढतात, चटणी चांगली असली की भात जास्त जातो तसं. पण त्यांनी बासी किती खाल्ली आणि कन्हार किती, हे माझ्या गुलाबी पाण्याला सांगता येत नव्हतं. सगळी माती काढून नवी आणायला हवी होती.

थंडीत ते करायचं ठरलं. अभनपूरला जायच्या सकाळी मी टेंपोवाल्याची वाट बघत फाटकाशी उभी होते, तर सासूबाई डबा घेऊन बाहेर आल्या आणि टेंपो येताच पुढे जाऊन बसल्या. जिथे चालकाशेजारी मी बसणार होते तिथे. मी मागे रिंगांबरोबर. सबंध वाटेत माझ्या हाडांचा खुळखुळा झाला आणि पुढून त्यांचा आवाज येत होता, चालकाला विचारत होत्या, सकाळी काय खाल्लं. शेतात तिवऱ्याचं, म्हणजे लाखोळीचं, पीक हिरवंगार उभं होतं. आम्ही रिंगा मातीत ठोकून आतली माती न हलवता उचलत होतो, तेव्हा त्यांनी पदर खोचून एका बाजूने हात लावला. रिंग वर आल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "या खेपी मी काहीच नाही देणार. कुलदेवीची शपथ."

"पाणीसुद्धा नाही, आई. पाणी मी मोजून देणार."

"पाणी बी नाही."

आम्ही बांधावर बसून डबा खाल्ला. अबोला तिथेच संपला, कोणी मुद्दाम संपवला नाही.

त्यांनी शपथ पाळली, आणि अशी पाळली की मलाच जड जाऊ लागलं. भांडी घासणारी बाई अंगणात पाणी ओतू लागली की त्या धावत. नवरा ब्रश करत रिंगांजवळून गेला तर "तिकडे थुंक" म्हणून ओरडत. चिमण्या काचेवर बसल्या तर उडवत. पण स्वतः मात्र रिंगांकडे बघत नसत. ऊन वाढल्यावर त्यांनी बासी भिजत घालायला सुरुवात केली, पण पायरीवर बसायचं सोडलं. स्वयंपाकघरात, दाराकडे पाठ करून बसत. मी विचारलं तर म्हणाल्या, "त्यायच्यासमोर कसं खाऊ?"

पुन्हा संध्याकाळी गंज पालथे, सकाळी वाट्या, गुलाबी पाणी. सुरुवातीला काचेतल्या मातीचा श्वास मोठा होता, मागच्या वर्षीएवढा नाही, पण मोकळ्यापेक्षा स्पष्ट मोठा. मग नवतपा आला. रोहिणी नक्षत्रातले ते आग ओकणारे दिवस रायपुरात कसे असतात ते इथे राहिलेल्यालाच माहीत. दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं. आणि ऐन त्या उन्हात काचेतल्यांचा श्वास मंदावला. दर दिवशी गुलाबी रंग जायला आम्ल आदल्या दिवशीपेक्षा जास्त लागायचं. मी वाट्या परत परत तपासल्या. खरंच मंदावला होता.

माझ्यासाठी याहून चांगलं काही नव्हतं. आकडे स्वच्छ होते, तिन्ही रिंगा एकच सांगत होत्या, गाईड आवाज न करता हसले होते. घरी आले तर सासूबाई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होत्या.

"काय म्हणतात पोट्टे?"

"मंद झाले, आई."

"काहून?"

"हाताशी होतं ते खाऊन संपलं. राहिलंय ते मातीला चिकटलेलं, ते त्यांना सुटत नाही. थोडी उन्हाची सवयही झाली असेल. दोन्ही असेल."

"म्हणजे उपाशी हायेत."

"शास्त्रात असं म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात?"

"उपलब्ध अन्नाची मर्यादा."

"म्हणजे उपाशीच," त्या म्हणाल्या. मग ताटातला एक खडा उचलून बाजूला ठेवत त्यांनी विचारलं, "पण तुह्यं काम झालं न?"

"झालं. चांगलं झालं."

"हव, मग ठीक हाय."

त्यानंतर बासीचा गंज मला ओट्यावर दिसला नाही. मला वाटलं, उन्हात पोट बिघडलं असेल. दोन-तीनदा मी विचारलं, त्या म्हणाल्या, यंदा गोड नाही लागून राह्यली. मी माझ्या आलेखांत बुडाले होते, पुढे विचारलं नाही. नवऱ्याने सांगितलं तेव्हा कळलं. "माँ ने बासी छोड़ दी है," तो म्हणाला. "बोलती हैं, जब तक तुम्हारा वो अंगण वाला ख़तम नहीं होता." नवतप्याचे उरलेले दिवस, जेव्हा इथल्या माणसाला दुसरं काही गिळवत नाही, त्या कोरड्या पोळीवर आणि चहावर काढत होत्या. माझी डिग्री व्हायची तर मातीने उपाशी राहायला हवं होतं. माझ्या बाजूने उभं राहायचं त्यांनी ठरवलंच होतं, पण मातीला एकटीला उपाशी ठेवायला त्यांचं मन होत नव्हतं. रात्री पाठ दुखते म्हणाल्या तेव्हा मी बराच वेळ चोळत बसले. फार प्रेम वाटलं मला त्यांचं, आणि ते सांगायची आम्हा दोघींनाही सवय नव्हती.

शेवटचं माप गाईडसमोरच झालं. त्यांनी आकड्यांखाली सही केली आणि म्हणाले, बस. मला डिग्री मिळाली, आणि त्या मातीचं बाकीचं आयुष्य आमच्याच अंगणात गेलं. नवऱ्याने पुढे टाइल्स लावल्याच, पण त्या रिंगा जिथे रिकाम्या केल्या तेवढा तुकडा सोडून. तिथे आता कढीलिंबाचं झाड आहे आणि त्याच्या मुळांनी दोन टाइल्स उचलल्या आहेत.

पण त्या दिवशी रिंगा अजून भरलेल्या होत्या. गाईडना सोडून मी परत आले आणि एकेक काच काढून भिंतीशी ठेवू लागले. मागे चाहूल लागली. सासूबाई दारात उभ्या होत्या, हातात मोठा गंज, गोल बाजारातला, त्यांनी स्वतः वाजवून घेतलेला. त्यात बासी होती. शेवटचं माप आहे हे त्यांना मी सांगितलं नव्हतं, नवऱ्याने सांगितलं असणार, कारण भात रात्रीच भिजत घालावा लागतो.

"झालं न सगळं?" त्यांनी विचारलं.

"झालं, आई."

"आता देऊ?"

"द्या."

त्या उतरून आल्या. या खेपी सहाही रिंगांना वाढलं, भात हाताने कुस्करून, कडेपासून मध्यापर्यंत, पंगतीत वाढतात तसं कोणाला कमी-जास्त न होऊ देता. कोरडी माती पाणी ओढून घेताना बारीक आवाज करत होती. मी सवयीने रिकाम्या वाट्यांकडे हात नेला आणि परत घेतला. सासूबाई शेवटच्या रिंगेशी वाकल्या.

"खा रे, पोट्टेहो," त्या मातीला म्हणाल्या. "आता कोणी मोजून नाही राह्यलं."

मग त्यांनी गंजात उरलेली बासी स्वयंपाकघरातल्या दोन वाट्यांत काढली, आणि आम्ही दोघी पायरीवर बसून खाल्ली.